रंग तुमचा, गंज गिऱ्हाइकाचा

जुन्या मोटरसायकली ‘नव्या’ करून विकणाऱ्या शेठना खुलं पत्र

शेठ,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची रीत मला ठाऊक आहे. तुमच्या बाबतीत ती मी पाळणार नाही. तुमचं नावही लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. पुण्यात आहात, कोल्हापुरात आहात, नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये आहात, आणि आता तर मोबाइलच्या पडद्यावरून घराघरांत शिरला आहात. चकाकणारी टाकी, क्रोम केलेले मडगार्ड, फायरिंगचा आवाज, खाली ‘किंमत मेसेजवर’. हे वर्णन वाचताना जो जो चपापेल, त्याने हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजावं.

तुमचा धंदा मी बराच काळ बघतो आहे. तुम्ही गावोगाव फिरता. गोठ्याच्या कडेला, कडब्याआड उभी असलेली कुणाच्या आजोबांची आरएक्स १००, राजदूत किंवा येझदी हुडकता. घरातल्या बाईला सांगता, “वहिनी, भंगारवालासुद्धा हात लावणार नाही हिला.” पाच-दहा हजारांत उचलता. थोड्याच दिवसांत तीच गाडी शहरात दीड लाखाला उभी असते. नफा कमावलात याबद्दल माझी तक्रार नाही. जुनी गाडी खरोखर उभी करायला कष्ट, वेळ आणि अक्कल लागते, आणि जो ती खर्च करतो त्याने पुरेपूर मजुरी घ्यावी. माझी तक्रार अशी की तुम्ही ते काम करतच नाही. तुम्ही रंग मारता आणि कामाचे पैसे घेता.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाने तुमच्याकडून आरएक्स १०० घेतली. एमआयडीसीत नोकरी लागली होती. पहिल्या कमाईतली शिल्लक आणि आईच्या भिशीचे पैसे असं सगळं त्यात गेलं. तुम्ही त्याला सांगितलंत की इंजिन ‘फुल्ल काम केलेलं’ आहे, कागद ‘एकदम क्लिअर’ आहेत, आणि आजच्या गाड्या म्हणजे प्लास्टिकचे डबे, खरी गाडी हीच, हिला मरण नाही. यातलं एकही वाक्य खरं नव्हतं.

इंजिनापासून सुरू करतो. तुमच्या शेडमध्ये गिऱ्हाईक पोचतं तेव्हा गाडी आधीच तापलेली असते. ते यायच्या आधी पोराला सांगून तुम्ही ती फिरवून आणलेली असते. थंड गाडी कितव्या किकला उठते, पांढरा धूर किती वेळ राहतो, पिस्टनची खडखड ऐकू येते का, हे सगळं इंजिन थंड असतानाच कळतं. तापलेलं इंजिन अर्ध्या किकमध्ये उठतं, मुलाचे डोळे चमकतात आणि सौदा तिथेच होतो. कुणी आधी इंजिनाला हात लावून बघितला तर तुम्हाला राग येतो. कुणी टाकीला चुंबक लावून पुट्टी कुठे भरली आहे ते पाहू लागला, तर “साहेब, विश्वास नसेल तर राहू द्या,” असं म्हणून तुम्ही तोंड फिरवता. प्रामाणिक काम केलेल्या माणसाला चुंबकाची भीती कशाला वाटेल?

आरएक्स १०० काय चीज आहे हे तुम्हाला माहीत असेल, तरी एकदा लिहितो, कारण तुम्ही जे बुडवता आहात त्याचं मोल लिहून ठेवायला हवं. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ साली ही गाडी भारतात आणली आणि १९९६ साली धुराचे नियम कडक झाल्यावर ती बंद झाली. इंजिन अवघं ९८ सीसी, ताकद ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलोच्या पुढे. टू-स्ट्रोक असल्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकला तो दर दोन फेऱ्यांनी मिळतो. म्हणून तो पिकअप, म्हणून तो हलकेपणा. आणि यातलं जवळजवळ सगळं उघड्या डोळ्यांनी बघता येतं, हाताने सोडवता येतं, लेथवर दुरुस्त करता येतं. घरातल्या पान्यांनी मुलगा बापाबरोबर कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकू शकतो. जुन्या गाडीची खरी श्रीमंती ती. ती यंत्र समजावून देते.

पण या मोकळेपणाला अट आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग सिलिंडरमध्ये चढतं. त्यामुळे क्रँकची दोन ऑइल सीलं हा इंजिनाचा प्राण असतो. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक झालं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन भाजतं. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि धूर थांबत नाही. ही सीलं काही रुपयांची असतात. पूर्ण काम करायचं तर मात्र इंजिन उतरवून दोन फाका कराव्या लागतात. क्रँक बाहेर काढून कनेक्टिंग रॉडचा किट बसवावा लागतो, बेअरिंग बदलावी लागतात, सिलिंडर रीबोअर करावा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या टर्नरकडे सिलिंडर नेला तर तो आधी आतून बोट फिरवतो, मग गेज लावतो, आणि पिस्टन हातात दिल्याशिवाय बोअर करायला घेत नाही. पिस्टन मोजल्याशिवाय मोकळीक किती ठेवायची हे ठरवता येत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. मोकळीक कमी ठेवली तर पिस्टन धरतो, जास्त ठेवली तर वाजतो. त्यानंतर नव्या पिस्टनला सावकाश चालवून बसू द्यावं लागतं. अशा एका इंजिनात माणसाचे दिवस जातात.

तुम्ही काय केलंत? केसवर सिल्व्हर रंग मारलात, हेडच्या पंख्या घासल्यात, नवे स्क्रू लावलेत. यामाहाने दिलेला ऑटोल्यूबचा पंप काढून भोकाला पट्टी ठोकलीत आणि मुलाला सांगितलंत, “पेट्रोलमध्येच ऑइल टाकत जा, कटकट नको.” तो पंप थ्रॉटलच्या केबलीला जोडलेला असतो, गाडी जितकी पळते तितकं ऑइल तो मोजून देतो. पंप मेला होता आणि दुरुस्त करायला पैसे पडले असते, म्हणून तुम्ही तो उडवलात. मग किती ऑइल टाकायचं हेही नीट सांगितलं नाहीत. पंपावर आता मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ पडतं. ते ओलावा ओढतं, उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतं, जुन्या रबरी नळ्या आणि सीलं खराब करतं. जेटचा नंबर बघणं, नळ्या बदलणं, टाकी आतून साफ करणं ही आजच्या काळात जुनी गाडी विकणाऱ्याची पहिली जबाबदारी होती. तुमच्या गाडीत बाहेरून तीन थर लॅकर होतं आणि आतून टाकीला हात लावला तर बोटं तांबडी होत होती.

घाट चढताना मुलाच्या गाडीचा पिस्टन धरला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. त्याने क्लच ओढला म्हणून तो उभा राहिला. मागून ट्रक येत होता. शेठ, हा एक क्षण तुम्ही मनात नीट आणा, कारण तो तुमच्या हिशेबाच्या वहीत कुठेही लिहिलेला नाही.

सायलेन्सरचंही बोलून घेतो. आतली जाळी काढून, मागचा भाग कापून तुम्ही ‘फायरिंग’ वाढवता आणि त्याचे वेगळे पैसे घेता. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. त्याचं पोट आधी रुंद होत जातं आणि मग निमुळतं होतं, ते दिखाव्यासाठी नाही. बाहेर पडलेल्या धुराची लाट त्या निमुळत्या भागावर आपटून मागे येते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. ही आकृती ज्यांनी काढली त्यांनी मिलिमीटरचा हिशेब केला होता. तुम्ही ती हॅकसॉ ब्लेडने कापता. आवाज वाढतो, ताकद घटते, पेट्रोल जास्त जातं, आणि रात्री हॉस्पिटलच्या भिंतीला लागून जाणाऱ्या त्या आवाजाने अख्खी वस्ती जुन्या गाड्यांना शिव्या देते. मूळ सायलेन्सर असलेली, नीट ट्यून केलेली आरएक्स कानाला गोड लागते. ती कुणाची झोप मोडत नाही. या गाड्यांची बदनामी त्यांच्या मालकांनी नाही केली, तुम्ही केली आहे.

आता कागद. इंजिन बिघडलं तर माणूस कर्ज काढून दुरुस्त करेल, पण कागदांत तुम्ही जे करता त्याने माणूस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून ती वाढवून घ्यावी लागते, महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे १९९६ची सगळ्यात शेवटची आरएक्ससुद्धा आजवर अनेकदा आरटीओच्या दारात जायला हवी होती. किती जातात? मालक वारलेला असतो, आरसी बुक हरवलेलं असतं, नोंद जुन्या रजिस्टरमध्ये पडून असते आणि संगणकावर चढलेलीच नसते. वारसाच्या नावावर करून घेणं, नोंद संगणकावर आणणं, दुसऱ्या जिल्ह्याची ना-हरकत आणणं, हे सगळं होण्याजोगं आहे. वेळ लागतो, फेऱ्या होतात, पण होतं. तुम्हाला तेवढा धीर नाही. तुम्ही एका मेलेल्या गाडीचं जिवंत आरसी विकत घेता आणि दुसऱ्याच गाडीच्या मानेवरचा चेसिस नंबर घासून त्यावर ते आकडे ठोकता. ती दुसरी गाडी कुणाच्या अंगणातून रात्री उचललेली आहे, हे विचारत नाही. विचारत नाही म्हणजे तुम्हाला उत्तर माहीत आहे.

मुलगा नोंदणी वाढवायला गेला, तेव्हा तिथल्या साहेबांनी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली. कारखान्यात पंच केलेले आकडे एका ओळीत, एका खोलीचे असतात. यातले दोन आकडे वर-खाली होते आणि आजूबाजूचं लोखंड घासून पातळ झालेलं बोटाला लागत होतं. गाडी जागेवरच अडकली. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, “मी पण दुसऱ्याकडूनच घेतली होती.” आईची भिशी त्या एका वाक्यात संपली.

आणि यावर तुम्ही पोरांना जे तत्त्वज्ञान शिकवता, त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. नव्या गाड्या म्हणजे डबे. नव्या गाड्या म्हणजे बायकी. एबीएस भित्र्यांसाठी. असं तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोलता आणि खाली हजारो मुलं अंगठे उंचावतात.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, हा केंद्र सरकारचा आकडा आहे. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. नव्या गाडीत यावर जो उपाय बसवला आहे त्याला तुम्ही हसता. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे, त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय. पावसात, डांबरावर पसरलेल्या खडीवर, समोर अचानक म्हैस आली तर माणूस घाबरून पुढचा ब्रेक गच्च दाबतो. चाक लॉक झालं की गाडी आडवी. एबीएस ते चाक क्षणात सोडून पुन्हा धरतं, आणि गाडी सरळ राहते. आरएक्सला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. नीट समायोजन केलेले, चांगल्या लायनरचे ड्रम त्या काळच्या रस्त्यांना आणि त्या काळच्या रहदारीला पुरत होते. तुमच्या गाडीत लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते आणि टायर पॉलिश लावून काळाभोर केला होता. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मुलाने ते वाचले असते तर कळलं असतं की टायर बनला तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता.

राजदूत ३५० तुम्ही ‘राक्षस’ म्हणून विकता. १९८३ साली आलेली ही गाडी म्हणजे यामाहाची आरडी ३५०. जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, इथल्या गाडीला ड्रम दिला गेला. त्या काळातल्या मालकांना ही उणीव पुरती ठाऊक होती आणि ते अंतर ठेवून चालवत. तुम्ही ती गाडी अशा मुलाला देता, ज्याचा हात डिस्क ब्रेकवर तयार झाला आहे, आणि उणिवेचा शब्दही काढत नाही.

जुन्या बुलेटची गोष्ट तर याहून भयंकर. मद्रासला १९५५पासून जुळवलेल्या आणि पुढे तिथेच बनलेल्या त्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. नव्या गाड्यांत नेमकं उलट. आजवर उजव्या पायाने ब्रेक मारलेला माणूस घाबरला की उजवाच पाय दाबणार, म्हणजे तो गिअर टाकणार. जुना मिस्त्री अशी गाडी हातात देताना आधी मैदानात फिरवून घ्यायचा. डीकॉम्प्रेशनची मूठ कशी ओढायची, अँपिअर मीटरचा काटा कुठे आला की किक मारायची, हे उभं राहून शिकवायचा, नाहीतर किक उलटून नडगी फुटते. तुमच्या शेडमधून मी एक मुलगा पहिल्यांदाच अशी बुलेट घेऊन थेट हमरस्त्याला लागलेला पाहिला आहे. तुम्ही त्याचा व्हिडिओ काढत होता.

मी नव्या गाड्यांचा प्रचारक नाही, आणि त्यांचे दोष झाकणारही नाही. १ एप्रिल २०२०पासून धुराचे बीएस-६ नियम आले, बहुतेक गाड्यांतले कार्ब्युरेटर गेले आणि फ्युएल इंजेक्शन आलं. गाडी थंडीत पहिल्या बटणाला उठते, धूर कमी, अॅव्हरेज चांगलं. त्याचबरोबर बॅटरी पूर्ण बसली की पेट्रोलचा पंपच चालत नाही, आणि बऱ्याच गाड्यांना आता किकही नाही. एक सेन्सर गेला की कंपनीचा स्कॅनर लागतो, तो गल्लीतल्या फिटरकडे नसतो. मीटरमधला एक छोटा भाग बिघडला तर अख्खा मीटर बदलायला लावतात. आपली वस्तू आपल्याला दुरुस्त करता यावी, हा हक्क मागायला हवा. केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ साली त्यासाठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनंही होती, तो विषय धसाला लावायला हवा. तुम्हाला खरंच जुन्या पद्धतीच्या मोकळ्या यंत्रांचं प्रेम असतं, तर तुम्ही या मागणीसाठी उभे राहिला असता. फिटरची पोरं स्कॅनर वापरायला शिकली असती. तुम्ही फक्त ‘डबा’ म्हणता, कारण डब्याची भीती घातली की तुमचा गंज खपतो.

कुणी कुठली गाडी घ्यावी हे इतकं अवघड नाही. ज्याला रोज ड्यूटीवर जायचं आहे, रात्रपाळी करून परतायचं आहे, मागे बायको आणि मांडीवर लेकरू घ्यायचं आहे, त्याने नवी गाडी घ्यावी. एबीएस, ट्यूबलेस टायर आणि चांगला हेडलाइट असलेली. आजची साधी १२५ सीसीची गाडीही आरएक्सइतकीच ताकद देते आणि तिच्याहून कितीतरी जास्त अॅव्हरेज देते. ज्याला जुनं रूप आवडतं, पण हात काळे करायचे नाहीत, त्याच्यासाठी जुन्या वळणाच्या नव्या गाड्या आहेत. डिस्क, एबीएस, बटण स्टार्ट असलेल्या ३५० सीसीच्या बुलेट आणि क्लासिक आहेत, २०१८ साली परत आलेली जावा आहे. आणि ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, रविवार मोकळा आहे, एक विश्वासाचा मिस्त्री आहे, महिन्याला थोडा पैसा बाजूला टाकायची तयारी आहे, आणि एखादं गॅस्केट मिळायला तीन आठवडे थांबायचा धीर आहे, त्याने जुनी गाडी जरूर घ्यावी. घेतल्यावर तिच्यासाठी जीव टाकावा. त्याला ती गाडी असं काही देईल जे शोरूममध्ये मिळत नाही. सकाळी पुण्याच्या नाना पेठेत एका दुकानातून दुसऱ्या दुकानात क्लच प्लेट शोधत फिरणं, जुन्या बाजारात मातीतून मूळ मिकुनी कार्ब्युरेटर सापडणं, संध्याकाळी तो बसवल्यावर गाडीने आयडलिंग धरणं, हे सुख मी घेतलं आहे आणि घेतो आहे. म्हणूनच तुमच्यावर एवढा राग आहे. अशी माणसं वाढायला हवी होती. तुमच्याकडून फसलेला प्रत्येक मुलगा आयुष्यात पुन्हा जुन्या गाडीच्या वाटेला जाणार नाही.

आणखी एक नुकसान आहे, जे पैशात भरून येत नाही. तुम्ही गाड्या कापता. कुठल्याशा इंग्रजी नावाच्या फॅशनसाठी येझदीची मागची चेसिस ग्राइंडरने उडवता, सीटच्या जागी फळी ठोकता, मडगार्ड भंगारात टाकता. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१पासून १९९६पर्यंत जावा आणि येझदी बनवल्या. एकच दांडी किकची आणि तीच पुढे ढकलली की गिअरची, असं अजब आणि सुंदर काम त्यांत होतं. पोलंडच्या गाडीवरून १९६२च्या सुमारास इथे आलेल्या राजदूतने आपल्याकडच्या किती गावांचं दूध डेअरीत पोचवलं. कॅनच्या वजनाने वाकलेले कॅरिअर अजून काही घरांत आहेत. हे सगळे कारखाने आता त्या गाड्या बनवत नाहीत. जितक्या उरल्या आहेत तितक्याच उरल्या आहेत. तुम्ही एक कापलीत की एक कमी झाली.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना अशी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तेच बजावलं आहे. शिवाय २०२१च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला वेगळी नोंदणी आणि वेगळा नंबर मिळतो. १९८५ची आरएक्स २०३५ साली पन्नाशी गाठेल. तोवर जी गाडी मूळ चेसिसवर, मूळ इंजिनावर, खऱ्या नंबरानिशी उभी असेल, तिला मान मिळेल. तुम्ही कापलेली, नंबर ठोकलेली गाडी त्या दाराशी कधीच जाऊ शकणार नाही. दीड लाख देताना ‘गुंतवणूक आहे साहेब, भाव वाढतच जाणार’ असं तुम्ही ज्याला सांगितलंत, त्याच्या गाडीचं भविष्य तुम्हीच आधी संपवलेलं होतं.

हा धंदा नीट करता येत नाही असं नाही. मी अशा गॅरेजांत बसलो आहे जिथे मिस्त्री काढलेला जुना पिस्टन, घासलेलं बेअरिंग, कडक झालेलं सील पिशवीत भरून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. काय बदललं, काय जुनंच ठेवलं, कुठला पार्ट मूळ कंपनीचा मिळाला नाही म्हणून डुप्लिकेट लावला, हे वहीत लिहून सही करतो. गाडी द्यायच्या आधी चार किक थंड इंजिनावर मारायला लावतो. वारसांच्या सह्या झाल्याशिवाय टोकन घेत नाही. त्याच्याकडे वर्षाला मोजक्याच गाड्या होतात आणि कमाई तुमच्या निम्मीही नसते. त्याच्याकडून गाडी घेतलेला माणूस मात्र पंधरा वर्षांनीही दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतो. तुमच्या शेडवर जुनं गिऱ्हाईक परत येतं, ते भांडायलाच येतं.

तुम्हाला मी चार गोष्टी करायला सांगतो. आमच्या गल्लीतल्या मुलाचे पैसे परत करा, पूर्ण. ती चेसिस कुणाकडून घेतलीत ते नाव पोलिसांना द्या, म्हणजे ज्याच्या अंगणातून गाडी गेली त्या घराला ती परत मिळेल. यापुढे विकाल त्या प्रत्येक गाडीसोबत केलेल्या कामाची सही केलेली यादी द्या. आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहाल तेव्हा या गाडीला ब्रेक कसे आहेत, महिन्याला खर्च किती येतो, हे आधी सांगा, मग फायरिंग ऐकवा. हे जमणार नसेल तर शेड बंद करा आणि रंगाचं दुकान टाका. रंग तुम्हाला चांगला देता येतो.

जे वाचक जुनी गाडी घ्यायच्या विचारात आहेत त्यांना एवढंच सांगायचं आहे. गाडी बघायला न सांगता जा, म्हणजे इंजिन थंड मिळेल. सोबत चुंबक, टॉर्च आणि आपला फिटर न्या. टायरवरचे चार आकडे वाचा. हँडलच्या मानेवरचा चेसिस नंबर आणि इंजिनावरचा नंबर कागदावर पेन्सिलने उतरवून घ्या, आरसीशी जुळवा आणि आरटीओत जाऊन नोंद तपासा. गाडी तुमच्या नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. विकणारा यातल्या एकाही गोष्टीला नाही म्हणाला, तर तिथून निघा.

— एक गाडीवाला